डावा गाल

गेल्या श्रावणात आमचा मुलगा स्वतःच्या डाव्या गालावर मारून घेऊ लागला. सुरुवातीला दिवसातून एखाद्या वेळी, मग जेवायला बसला की हमखास, आणि पुढे रात्री अडीच-तीनला झोपेतून उठून. तो अकरा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. पंधरा-वीस शब्द तो वापरतो. त्यांत 'पाणी' आहे, 'चल' आहे, 'बास' आहे, पण 'दुखतंय' नाही. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते त्याला चालेल की नाही, हे विचारण्याची सोय अजून आमच्यात झालेली नाही.

त्या तीन आठवड्यांत आम्ही तीन डॉक्टरांकडे गेलो. पहिल्यांनी सांगितले, "ऑटिझमची मुलं असं करतात ताई, वय वाढतंय, आता हे थोडं वाढणारच," आणि चिडचिड कमी व्हावी म्हणून आधीपासून चालू असलेल्या रिस्पेरिडोनची मात्रा वाढवली. दुसऱ्यांच्या मते तो लक्ष वेधून घेत होता, तेव्हा आम्ही तिकडे पाहायचे नाही. तिसऱ्यांनी टॉर्च काढला होता, पण मुलाने तोंड घट्ट मिटून घेतल्याबरोबर तो परत खिशात गेला. थेरपी सेंटरमध्ये आम्हाला एक तक्ता भरायला दिला: मारून घेण्याआधी काय घडले, नंतर काय घडले, किती मिनिटे चालले. मी तो इमानेइतबारे भरला. चौदा वर्षे बँकेत नोकरी केलेली बाई रकाने भरण्यात कमी पडत नाही. जेवणाच्या वेळेच्या रकान्यात खुणांची दाटी झाली होती, आणि तरीही त्या दाटीचा अर्थ मला लागला नाही.

तो लागला सासूबाईंना, आणि त्यांनी तक्ता पाहिलाही नव्हता. एका रात्री ताट उचलता उचलता त्या म्हणाल्या, "अगं, हा भाकरी उजवीकडूनच चावतोय. आणि चार दिवस झाले, चिवड्याला हात लावलेला नाही त्याने." नाशिकच्या घरातला मुलगा चार दिवस चिवड्याला हात लावत नाही, ही गोष्ट खरे म्हणजे पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. दोन दिवसांनी एका बालदंतरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी, कशा ते पुढे सांगते, त्याचे तोंड पाहिले. खालच्या डाव्या बाजूची दाढ, दुधाची नव्हे, सहाव्या वर्षाच्या सुमारास येते ती कायमची, आतून पोखरली गेली होती आणि मुळाशी पू झाला होता.

वैद्यकाला हा प्रकार चांगला परिचित आहे. एखाद्या माणसाला मोठे निदान चिकटले की त्यानंतरची त्याची प्रत्येक तक्रार त्या निदानाच्या सावलीत जाते आणि साधे, बरे होण्यासारखे आजार दिसेनासे होतात. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये बद्धकोष्ठ, झोपेच्या तक्रारी आणि अपस्मार इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. म्हणजे ज्यांना तपासण्याची गरज अधिक, तीच मुले न तपासता परत पाठवली जातात. डॉक्टरांना दोष देऊन मला मोकळे होता आले असते, पण तक्ता मीच भरत होते. घरातसुद्धा तो रडला की आम्ही आधी 'मेल्टडाउन', म्हणजे सगळे असह्य होऊन झालेला उद्रेक, म्हणतो आणि मग कपाळाला हात लावून ताप पाहतो.

यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार उशिरा समजली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत, आवाज, स्पर्श, प्रकाश यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद ऑटिझमच्या निकषांत प्रथमच आला, आणि त्याचे एक उदाहरण म्हणून वेदना किंवा तापमान यांबद्दलची वरकरणी उदासीनता दिलेली आहे. त्या ओळीतले 'वरकरणी' सगळे जण गाळून वाचतात. आम्हीही तसेच वाचले होते. हा मुलगा गुडघा फुटला तरी रडत नाही, तापलेल्या तव्याला बोट लागले तरी हात हळूच मागे घेतो, हे आम्ही पाहुण्यांना जवळजवळ कौतुकाने सांगत असू.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढायला आम्ही त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे नाशिककरांच्या 'सिव्हिल'मध्ये गेलो, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच अपंगत्वे होती आणि त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती संख्या एकवीसवर नेली आणि त्यात तो आला. मोजमापासाठी 'इसा' नावाची भारतीय प्रश्नावली वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला 'क्वचित'पासून 'नेहमी'पर्यंत एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. मुलाने त्या दिवशी बाटलीचे झाकण टेबलावर फिरवत तासभर शांत बसून दाखवले, एरवी दहा मिनिटे बसत नाही. विचारणाऱ्या मानसतज्ज्ञ बाई समजूतदार होत्या, घाई करत नव्हत्या. त्या चाळीस मुद्द्यांत एक असा होता की मुलाला वेदना जाणवत नाही असे वाटते का. मी क्षणभरही न थांबता "बहुतेक वेळा" म्हटले आणि त्यांनी चार गुण लिहिले. प्रमाणपत्रासाठी मुलाच्या उणिवांची बेरीज आईलाच करून द्यावी लागते, आणि ती कमी पडली तर पंचाईत होते, त्यामुळे उत्तरे देताना जीभ जरा सैल सुटते. दाढ सापडली त्या रात्री मला ते चार गुण आठवले.

निदानापर्यंतचा प्रवास मी थोडक्यात उरकते, कारण तो बहुतेक घरांत सारखाच असतो. हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवत नाही, आणि भोवतालचे सगळे जण "मुलगे उशिराच बोलतात, याचा मामा चौथ्या वर्षी बोलला" असे समजावतात. आधी कान तपासले. कानापासून मेंदूपर्यंत आवाजाचे संकेत पोहोचतात की नाही, हे पाहणारी बेरा चाचणी मूल गाढ झोपेत असताना करायची असते, म्हणून आदल्या रात्री त्याला जागवायला सांगितले होते. दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन त्याचे बाबा आणि मी पहाटे चार वाजता इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकभोवती फेऱ्या मारत होतो. सकाळी झोपेचे औषध पाजल्यावर त्याने ते सगळे माझ्या पदरावर ओकून टाकले आणि चाचणीची दुसरी तारीख मिळाली. कान उत्तम निघाले. मग कोणी मोबाइल बंद करायला सांगितला, कोणी शाळेत घाला म्हणाले. अखेर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन तिथल्या बालविकासतज्ज्ञांकडून निदान झाले, तेव्हा त्याला तीन वर्षे उलटून गेली होती. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक साधी यादी असते आणि आईवडील ती बसल्या जागी भरू शकतात, हे आम्हाला तिथे प्रथम कळले. त्या सगळ्या काळात लस देण्यासाठी आम्ही दर वेळी नेमाने दवाखान्यात जात होतो.

लशीचा विषय निघालाच आहे तर, गोवराच्या लशीमुळे असे होते हे मला आजही लग्नकार्यात कोणीतरी ऐकवते. ज्या निबंधातून ही समजूत पसरली तो १९९८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला होता, बारा मुलांवर बेतलेला होता, लॅन्सेटने तो २०१० मध्ये मागे घेतला आणि लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांचे नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. इतके सगळे मांडवात सांगता येत नाही. मी "नाही हो मावशी, तसं नाही," एवढे म्हणून मठ्ठा वाढायला उठते. मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचाराची जाहिरात मात्र मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्यासाठी दागिने मोडले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. ऑटिझम 'बरा' करणारे औषध नाही. चिडचिडीवर, झोपेवर औषधे आहेत, त्यांचा उपयोग होतो, आणि आम्ही ती देतो.

ऑटिझम असलेल्यांसाठी वापरतात तो 'स्वमग्न' हा मराठी शब्द सुंदर आहे, पण मला तो आमच्या मुलाला लागू पडतोसे वाटत नाही. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून पाहा. ट्यूबलाइटची घरघर आपल्याला ऐकू येत नाही, त्याला येते. भिंतीवरचा टीव्ही, कंपाउंडरच्या टेबलावरचा वाजता फोन, शेजारच्या बाळाचे रडणे, जंतुनाशकाचा वास, प्लास्टिकच्या खुर्चीचा मांडीला होणारा घामट स्पर्श, हे सगळे त्याच्यावर एकदम चालून येते. स्वतःत मग्न व्हायला त्याला कोणी उसंतच देत नाही. अशा खोलीत आमचा नंबर अठरावा असेल, तर आत जाईपर्यंत त्याचे सगळे बळ संपलेले असते, आणि डॉक्टर पाहतात ते किंचाळणारे, हातपाय झाडणारे मूल. मग तपासणी दारातूनच होते. एकदा मी कंपाउंडरला विनंती केली की आम्हाला शेवटचा नंबर द्या, आम्ही खाली रिक्षात बसतो, वेळ आली की फोन करा. ते म्हणाले, "ताई, सगळ्यांना सारखाच नियम." त्यांचे तत्त्वतः चुकले असे मला म्हणवत नाही. पायऱ्या सगळ्यांना सारख्या, हेही चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ऐकवता येते.

आता त्या दंतवैद्य डॉक्टरांविषयी. फोनवरच त्यांनी विचारले की त्याला काय आवडते. मी म्हटले, आकडे; तो मोजतो, बोलत नाही पण बोटांनी मोजतो. त्यांनी दुपारी दोनची, दवाखाना बंद असतो ती वेळ दिली. आम्ही गेलो तेव्हा टीव्ही बंद होता, वरचा दिवा बंद होता, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. पहिल्या दिवशी त्याला खुर्चीवर बसवलेही नाही. डॉक्टर स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी लांब दांडीचा तो छोटा आरसा त्याच्या हातात दिला. त्याने तो हुंगला, गालाला लावून पाहिला, थंड लागला तसा काढला, परत लावला. डाव्या गालाला. मग डॉक्टरांनी आपले तोंड उघडले आणि त्याला आपले दात मोजू दिले. सोळाव्या दातावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, कारण आरसा टाळ्याला टोचत होता, पण त्यांनी तोंड मिटले नाही. बत्तीस झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता माझी पाळी राजा, मी दहाच मोजणार." आणि दहाच मोजले. अकरावा त्यांनी मोजला नाही, मला अजूनही तीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पण त्या दहांत ती दाढ होती.

खुर्चीवर बसवून रूट कॅनाल करणे शक्य नव्हते, म्हणून पूर्ण भूल देऊन एका रुग्णालयात करायचे ठरले. भूल द्यायची तर आधी सहा तास पोटात अन्न नको, आणि 'आज खायचं नाही' हे त्याला समजावण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता. तेव्हा त्या सकाळी घरात गॅसच पेटवला नाही. सासूबाईंनी चहा घेतला नाही. एरवी एकादशीलाही त्यांना चहा चालतो. भूलतज्ज्ञांनी चार दिवस आधी तोंडावर लावायचा मास्क घरी दिला होता, त्याचे बाबा रोज रात्री तो स्वतःच्या नाकावर धरून दहा मोजत. रुग्णालयाचा हिरवा सदरा त्याला घालू नका, त्याची शिवण टोचते, असे मी सांगितल्यावर सिस्टर म्हणाल्या, "राहू दे त्याचाच टी-शर्ट, मी वरून चादर टाकते." यादीत त्याचा नंबर पहिला होता. आणि मूल एकदा झोपणारच आहे, तर जे जे एरवी होत नाही ते सगळे त्याच भुलीत उरकायचे, ही युक्ती मला दुसऱ्या एका आईने सांगितली होती. रक्त घेतले. कानांतला मळ काढला. मी सिस्टरच्या हातात भीतभीत नेलकटर ठेवला आणि विचारले, पायाची नखे कापाल का. त्यांनी कापली, आणि एका गॉजच्या तुकड्यात गुंडाळून बाहेर आणून दाखवली, वीस मिनिटांपूर्वी मंगळसूत्र काढून हातात दिलेल्या बाईला तिचा ऐवज परत करावा तशी.

रक्ताच्या अहवालात ड जीवनसत्त्व आणि लोह दोन्ही कमी निघाले. दोन वर्षांत त्याचे रक्त कोणी घेऊ शकले नव्हते. सुई टोचण्याआधी तासभर त्या जागी बधिर करणारे मलम लावून वर पट्टी चिकटवता येते, हे औषधाच्या दुकानात मिळणारे मलम आहे, आणि आता आम्ही घरूनच लावून जातो. पूर्वी चार माणसांनी धरून ठेवण्यापलीकडे कोणी काही सुचवले नव्हते.

खर्चाबद्दल एक उपयोगी गोष्ट लिहून ठेवते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आहे, आणि त्या न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, बाह्यरुग्ण उपचार, थेरपी आणि काही प्रमाणात दातांची देखभालही तिच्यात बसते. आमच्याकडे ती चार वर्षे होती आणि मी फक्त स्पीच थेरपीची बिले पाठवत होते. दात तपासून घेण्यासाठी ती वापरावी, हे माझ्या मनातही आले नव्हते.

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या समोरून जाताना मला अलीकडे एक विचार येतो. राज्यभरातल्या वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांच्या परीक्षा इथून होतात. कुठे दुखते हे ज्याला सांगता येत नाही, अशा मुलाला कसे तपासाल, हा प्रश्न एखाद्या वर्षी दहा गुणांना आला तर? उत्तरात 'आधी तोंड उघडून पाहा' एवढे आले तरी मी पाच गुण द्यायला तयार आहे.

दाढेनंतर मी एक कागद तयार केला आहे. त्याच्या वहीच्या पानावर, हाताने लिहिलेला, आणि आता कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेले की तोंड उघडण्याआधी मी तो पुढे करते. त्यात लिहिले आहे की तो बोलत नाही पण बरेच समजतो, त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नका. स्पर्श करण्याआधी हात दाखवा. दहा म्हणालात तर दहाच मोजा. आणि तो दुखणे चेहऱ्यावर दाखवत नाही, खाणे, झोप आणि मारून घेण्याची जागा यांतून दाखवतो. एका वयस्कर डॉक्टरांनी तो चष्मा वर करून पूर्ण वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि मला विचारले, "ही प्रत मी ठेवू का?" दुसऱ्या एका ठिकाणी तो न वाचता फाईलमध्ये गेला.

रिस्पेरिडोनची वाढवलेली मात्रा दाढ बरी झाल्यावर पुन्हा पूर्वीवर आणली. गालावर मारणे थांबले, पण पूर्ण नाही. परवा तीन वेळा झाले, उजव्या गालावर. सासूबाई म्हणतात, बाराव्या वर्षाच्या दाढा येत असतील. मंगळवारी दुपारी दोनची वेळ घेतली आहे.